आपलं पेट्रोल पानेवाडीहून येतं

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये नेहमीचा विषय निघाला. क्रूड उतरलं तरी पंपावरचा आकडा का उतरत नाही? पाच जण, पाच थिअऱ्या. एकाचं म्हणणं सगळा दोष सरकारचा, दुसऱ्याचं म्हणणं कंपन्यांचा, तिसऱ्याने रशियाला मध्ये आणलं. चहा संपला, वाद तसाच राहिला. मला मात्र एक भलताच प्रश्न पडला. मी जे पेट्रोल गाडीत भरतो ते छत्रपती संभाजीनगरपर्यंत येतं कुठून? मग शनिवार-रविवार त्यातच गेला. त्यातून जे हाती लागलं ते हे असं.

उत्तर सोपं आहे. मनमाडहून. अगदी नेमकं सांगायचं तर पानेवाडीहून. मनमाड-नांदगाव रस्त्यावरचं हे छोटं गाव. भुसावळकडे जाताना मनमाडनंतर याच नावाचं एक रेल्वे स्टेशन लागतं, तिथे आपण कधी मान वर करूनही बघत नाही. तेल कंपन्यांच्या टाक्या या भागात आहेत. मुंबईला माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनरीत तयार झालेला माल भारत पेट्रोलियमच्या पाइपलाइनमधून घाट चढून, सुमारे अडीचशे किलोमीटर कापून मनमाडला पोचतो. (हीच पाइपलाइन पुढे इंदूरजवळच्या मांगलियाला आणि तिथून दिल्लीजवळच्या बिजवासनला जाते.) मनमाडला टँकर भरतात आणि येवला, वैजापूर करत आपल्याकडे येतात. रेल्वेने मोजलं तर मनमाड ते आपलं शहर ११३ किलोमीटर.

आता यातली गंमत बघा. हाच टँकर परभणीला जायचा तर तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. त्यामुळे परभणी हे बरीच वर्षं राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलचं गाव म्हणून बातम्यांमध्ये झळकत राहिलं. २०१८ मध्ये, २०२१ मध्ये, प्रत्येक भाववाढीत वार्ताहर आधी परभणीला फोन लावायचे. म्हणजे मुंबईत समुद्रकिनारी राहणाऱ्यापेक्षा मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला लिटरमागे जास्त पैसे पडतात, आणि त्यात ना ओपेकचा हात असतो ना दिल्लीचा. शिवाय राज्याचा व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे वाहतुकीच्या वाढलेल्या रुपयावरही तो लागतो. एक रुपया जास्त भाडं म्हणजे पंपावर सव्वा रुपया.

असो. आता मागे जाऊ.

स्वातंत्र्यानंतरची पहिली बरीच वर्षं आपल्याकडे तेलाचा धंदा बर्मा शेल, एस्सो आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हातात होता. भाव ठरवायची त्यांची रीत मजेशीर होती. तेल कुठूनही आणलेलं असो, किंमत एका ठराविक परदेशी बंदराच्या भावावर जहाजभाडं चढवून लावायची. सरकारने यावर समित्या नेमल्या. १९६१ ची दामले समिती त्यातली पहिली महत्त्वाची, मग तालुकदार, मग शांतिलाल शहा. त्याच सुमारास सोव्हिएत रशियाने स्वस्त क्रूड देऊ केलं होतं आणि या कंपन्यांनी ते आपल्या रिफायनरीत घ्यायला नकार दिला होता. (साल १९६०. 'रशियाचं स्वस्त तेल' हा विषय २०२२ मध्ये जन्माला आला असं वाटणाऱ्यांसाठी ही नोंद.)

मग १९७३ आलं. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि जे क्रूड पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होतं ते १९७४ च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे सरकारने पेट्रोलवरचा कर वाढवला आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. इंधन दरवाढीविरुद्ध बैलगाडी मोर्चा काढायची आपली परंपरा इतकी जुनी आहे. पक्ष बदलतात, बैल तेच!

या धक्क्यानंतर काही वर्षांत सगळं चित्र पालटलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून दूर समुद्रात तेल शोधलं, तेच मुंबई हाय. एस्सोची झाली हिंदुस्तान पेट्रोलियम, १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारी झाली, तीच पुढे भारत पेट्रोलियम. आणि त्याच दशकात भाव ठरवायची ती पद्धत आली जिने पुढची पंचवीस वर्षं राज्य केलं. प्रशासित किंमत व्यवस्था.

आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने जगाचा भाव आणि पंपाचा भाव यांच्यामध्ये एक बफर टाकला. त्याचं नाव ऑइल पूल अकाउंट. बाहेर तेल स्वस्त झालं की ग्राहकाकडून जास्त घेऊन त्यात भरायचं, बाहेर महाग झालं की त्यातून काढायचं. पेट्रोल महाग ठेवायचं, कारण ते 'गाडीवाल्यांचं', आणि त्या पैशातून रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवायचा. कागदावर डिझाइन सुंदर आहे. अडचण एवढीच की बफरमध्ये भरायची वेळ आली की कुणाला आठवत नाही आणि काढायची वेळ आली की सगळ्यांना आठवते.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं तेव्हा हे उघडं पडलं. जुलैत सतरा-अठरा डॉलरचं क्रूड ऑक्टोबरमध्ये चाळीसच्या वर. सरकारने आखाती अधिभार म्हणून भाव एकदम पंचवीस टक्के चढवले, तरी पुरलं नाही. परकीय चलन आटलं आणि १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. उदारीकरणाची गोष्ट सांगताना आपण थेट मनमोहन सिंगांच्या भाषणापासून सुरुवात करतो. आपण ज्या नोकऱ्या करतो त्यांची मुळं तिथेच आहेत म्हणून असेल. पण त्या संकटात पेट्रोल-डिझेलचा वाटा मोठा होता, हे आपण विसरतो.

ही व्यवस्था शेवटी १ एप्रिल २००२ ला अधिकृतपणे संपली. तेव्हा पेट्रोलियम मंत्री होते राम नाईक. आता भाव बाजार ठरवणार, कंपन्या पंधरवड्याला आढावा घेणार असं जाहीर झालं. तसं काही महिने घडलंही. मग क्रूड चढायला लागलं, २००४ च्या निवडणुका आल्या आणि बाजार पुन्हा दिल्लीत भरायला लागला.

आता मुख्य गोष्ट. रॉकेल.

(रॉकेल हा शब्द 'रॉक ऑइल' वरून आला म्हणतात, आणि घासलेट 'गॅसलाइट' वरून. म्हणजे आपल्या आज्ज्या जे शब्द चुलीपाशी बसून वापरत होत्या ते दोन्ही डब्यावर छापून परदेशातून आलेले. असो, अवांतर झालं.)

पेट्रोल-डिझेल बाजारावर सोडल्यावरही रेशनचं रॉकेल सरकारने हातात ठेवलं. कारण योग्यच होतं. ज्या घरात वीज नाही, गॅस नाही, तिथे दिवा आणि स्टोव्ह त्याच्यावर. दर लिटरला नऊ रुपयांच्या आसपास, आणि तो २००२ पासून २०१० पर्यंत जवळजवळ हललाच नाही. या आठ वर्षांत बाहेर काय झालं? २००४ च्या सुरुवातीला तीस-पस्तीस डॉलर असलेलं क्रूड ११ जुलै २००८ ला १४७ डॉलरवर पोचलं. चीनची मागणी, डॉलरची घसरण, वायदेबाजारातला पैसा, कारणं अनेक. त्या जूनमध्ये सरकारने पेट्रोल पाच रुपये आणि डिझेल तीन रुपये वाढवलं. रॉकेलला हात लावला नाही. त्या उन्हाळ्यात कंपन्यांना रॉकेलच्या प्रत्येक लिटरमागे पस्तीस रुपयांच्या वर खोट येत होती. सरकारी भाषेत याला 'अंडर-रिकव्हरी' म्हणायचे. तोटा म्हणायचा नाही. ही खोट भरायला सरकारने कंपन्यांना तेलरोखे दिले, २००५ ते २०१० या काळात सव्वा लाख कोटींच्या वर. म्हणजे बिल भरलं नाही, पुढच्या पिढीच्या नावावर टाकलं.

हा झाला दिल्लीतला हिशोब. आता पानेवाडीला या.

एकाच डेपोच्या परिसरात दोन द्रव्यं आहेत. दिसायला जवळजवळ सारखी, डिझेलमध्ये सहज मिसळणारी. एकाची किंमत चाळीस, दुसऱ्याची बारा. ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिलेला, पण रंग काढायच्या युक्त्या धंदेवाल्यांना ठाऊक होत्या. साधा गुणाकार करा. बारा हजार लिटरचा टँकर, त्यात दोन हजार लिटर रॉकेल, लिटरमागे पंचवीस रुपयांचा फरक. एका खेपेत पन्नास हजार रुपये. यात ड्रायव्हर, ढाबेवाला, रेशन दुकानदार, पंपवाला, आणि ज्यांनी डोळे मिटायचे ते, सगळ्यांचे वाटे पडून उरतात. रोज किती टँकर भरतात याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

एनसीएईआर या संस्थेने २००५ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा रेशनचं ३८ टक्क्यांच्या आसपास रॉकेल दुसरीकडे वळतं असं आढळलं. ज्या गरिबासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या वाट्याच्या प्रत्येक पाच लिटरमधलं जवळजवळ दोन लिटर कुणाच्या तरी टँकरमध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला इंडियन ऑइलच्या मंजुनाथ षण्मुगम या सत्तावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. आयआयएम लखनौचा विद्यार्थी. भेसळ करणारा पंप त्याने सील केला होता. तेव्हा देशभर हळहळ झाली. २००६ मध्ये भेसळ पकडायला रॉकेलमध्ये खास रसायन, मार्कर, टाकायला सुरुवात झाली आणि २००९ उजाडेपर्यंत ते बंदही झालं.

जून २०१० मध्ये किरीट पारीख समितीच्या शिफारशीनंतर सरकारने पेट्रोल मोकळं केलं. मंत्री मुरली देवरा. रॉकेल तीन रुपयांनी वाढलं, म्हणजे नवाचं बारा झालं. यावरही ५ जुलैला भारत बंद झाला. फरक तसाच राहिला, कारण त्याच हिवाळ्यात क्रूड पुन्हा शंभर डॉलरकडे निघालं होतं. जानेवारी २०११ च्या मध्यावर पेट्रोल आणखी अडीच रुपयांनी वाढलं. दिल्लीत पेट्रोल ५८, डिझेल ३७-३८, रेशनचं रॉकेल १२-१३.

२५ जानेवारी २०११. मंगळवार. त्या दिवशी कैरोच्या तहरीर चौकात लोक जमायला सुरुवात झाली. सुवेझ कालवा बंद पडेल या धास्तीने तेलबाजार हादरला आणि ३१ जानेवारीला ब्रेंट क्रूडने २००८ नंतर पहिल्यांदा शंभर डॉलर ओलांडले. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख यासाठी आहे.

आपल्याकडे ती दुसऱ्या कारणासाठी असायला हवी. त्याच दिवशी दुपारी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाड-नांदगाव रस्त्याने जात होते. पानेवाडीजवळ एका ढाब्यापाशी त्यांना टँकर संशयास्पद उभे दिसले. ते थांबले, तपासणी सुरू केली. भेसळीची टोळी आली, त्यांना मारहाण झाली, अंगावर ज्वलनशील द्रव ओतलं आणि भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, जिल्ह्यातल्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

मी तेव्हा शाळेत होतो. एवढंच आठवतं की घरी बातम्या लावल्या होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं. पुढे राज्यभर सरकारी कर्मचारी संपावर गेले, ठिकठिकाणी धाडी पडल्या, तपास सीबीआयकडे गेला. 'तेल माफिया' हा शब्द पुढचे कित्येक दिवस पहिल्या पानावर होता.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की आपण ही गोष्ट गुन्हेगारीच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. मारेकरी गुन्हेगार होतेच, त्यात वाद नाही. पण ती टोळी तिथे उभी होती कारण न्यूयॉर्क-लंडनचा आकडा चढत गेला, दिल्लीचा आकडा जागेवर राहिला आणि मधल्या फरकाचा माल नेमका पानेवाडीच्या फाटकातून बाहेर पडत होता. धाडी घालून टोळी हलते, फरक हलत नाही. आणि तो फरक रोज मोजणारे अर्थखात्यातले लोक त्या रस्त्याने कधी जात नव्हते. जात होते ते सोनवणे.

रॉकेलच्या भेसळीचा कणा पुढे मोडला तो बराचसा किमतीने आणि गॅस सिलिंडरने. डिझेलवरचं नियंत्रण जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास पैसे असं सैल करत ऑक्टोबर २०१४ मध्ये काढलं. जुलै २०१६ पासून रॉकेल महिन्याला पंचवीस पैशांनी चढवत नेलं. वीज पोचली, घरोघरी सिलिंडर गेले. २०२० पर्यंत रॉकेलवरची खोट शून्यावर आली. इतक्या हळू की कुणी बैलगाडीसुद्धा काढली नाही! हेच २००४ मध्ये सुरू केलं असतं तर... पण इतिहासात जर-तरला जागा नसते म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, फरक संपला तर मग क्रूड उतरल्यावर भाव का उतरत नाही? कँटीनचा प्रश्न. याचं उत्तर २०१४ ते २०१६ मध्ये आहे. जून २०१४ मध्ये ब्रेंट ११५ डॉलरला होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते तिसाच्याही खाली गेलं. अमेरिकेतलं शेल ऑइल आणि सौदीने उत्पादन कमी न करणं, ही दोन मोठी कारणं. पंपावर भाव त्या प्रमाणात उतरला नाही, कारण त्या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर लिटरला ९.४८ रुपये होतं ते २१.४८ झालं, डिझेलवर ३.५६ होतं ते १७.३३. पूर्वी जगाचा भाव चढला की फरक सरकार भरायचं, आता उतरला की फरक सरकार घेतं. दिशा उलटी, पण तत्त्व जुन्या ऑइल पूलचंच. फक्त आता त्या खात्याला नाव नाही.

आणि राज्य? ते मागे कसं राहील. २०१५ मध्ये मराठवाड्यात सलग दुष्काळ होता, आणि १ ऑक्टोबरपासून महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये दुष्काळ अधिभार लावला. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते तुम्हाला आठवत असेल. पैसा दुष्काळासाठी होता त्याबद्दल तक्रार नाही. पण परभणीतल्या ज्या माणसाच्या शेतात दुष्काळ होता, तोच राज्यातलं सगळ्यात महाग डिझेल घेऊन टँकरचं पाणी आणत होता आणि त्यावर दुष्काळाचा अधिभारही भरत होता. दुष्काळ सरला, लिटरमागे ठराविक रुपये घ्यायची सवय राहिली. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोल पाच रुपयांनी कमी केलं, त्यानंतरही राज्याच्या बऱ्याच भागात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर ५.१२ रुपये होतेच.

तेव्हाचा हिशोब एकदा मांडून बघू. समजा पेट्रोल डीलरला कर सोडून ५५ रुपयांना पडलं. केंद्राचं शुल्क १९.९० (मे २०२२ च्या कपातीनंतरचं). डीलरचं कमिशन पावणेचार-चार रुपये. झाले ७८.७०. त्यावर २५ टक्के, म्हणजे केंद्राच्या करावर राज्याचा कर, १९.६८. अधिक ५.१२. एकूण १०३.५० रुपये. आता क्रूड घसरून ते ५५ चे ४५ झाले असं धरा. पंपावर फार तर साडेबारा रुपये उतरतील, म्हणजे मालाची किंमत अठरा टक्के कमी, आपलं बिल बारा टक्के कमी. आणि तेही कुणी उतरवायचं ठरवलं तर.

हे 'ठरवलं तर' महत्त्वाचं. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलतात, सकाळी सहाला. निदान बदलायला हवेत. मे २०१८ मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीआधी ते एकोणीस दिवस गोठले. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२, उत्तर प्रदेशची निवडणूक आणि वर युक्रेनचं युद्ध, तेव्हा साडेचार महिने गोठले. मग २०२२ च्या एप्रिलनंतर, मेमधली केंद्राची आणि जुलैतली राज्याची करकपात सोडली तर, मार्च २०२४ मध्ये दोन रुपये कमी होईपर्यंत आकडा जवळजवळ स्थिरच होता. या दोन वर्षांत क्रूड सव्वाशेच्या आसपास जाऊन ऐंशीच्या खाली येऊन गेलं. एपीआय रोज कॉल होतोय, उत्तर कॅशमधून येतंय.

या गोठलेल्या काळातलाच एक प्रसंग सांगून थांबतो. १ जानेवारी २०२४ ला नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी संप सुरू केला. पानेवाडीचे टँकरवाले त्यात उतरले. क्रूड त्या दिवशी निवांत होतं, डॉलर निवांत होता, कर तेच होते. तरी आपल्या शहरात संध्याकाळपर्यंत पंपांवर रांगा लागल्या, माणसं बाटल्या आणि कॅन घेऊन उभी, आणि कित्येक पंपांनी दोरी बांधून 'पेट्रोल नाही'ची पाटी लावली. २ जानेवारीच्या रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मागे घेतला गेला, आणि मनमाडचे टँकर पुन्हा येवला-वैजापूरच्या रस्त्याला लागले. बोर्डावरचा आकडा तेवढ्यात एक पैशानेही हलला नव्हता.